आत्मोन्नतीची पुस्तके आणि ‘अत्तदीप’ : अहमदनगर जिल्ह्याच्या इतिहासातून एक विचार

पुस्तकांच्या कोणत्याही दुकानात आज एक स्वतंत्र कप्पा आत्मोन्नतीच्या पुस्तकांचा असतो. यशस्वी कसे व्हावे, माणसे कशी जोडावी, संपत्ती कशी मिळवावी, मनावर ताबा कसा ठेवावा, अशा विषयांवरील ही पुस्तके बहुतेक इंग्रजीतून भाषांतरित झालेली असतात. एस.टी. स्थानकावरील विक्रेत्याकडे ती मिळतात, तालुक्याच्या गावी स्पर्धा परीक्षांसाठी निघालेल्या अभ्यासिकांतही ती हातोहात फिरतात. आपल्या वस्त्यांतील तरुण मुलेमुली ती मोठ्या आस्थेने वाचतात. या वाचनाची टर उडविणे सोपे आहे. परंतु ज्या समाजाला अनेक शतके अक्षराला स्पर्श करू दिला गेला नाही, त्या समाजातील तरुण पुस्तकातून स्वतःला घडवू पाहतो, ही गोष्ट टर उडविण्याची खचित नव्हे. प्रश्न वेगळा आहे. हे पुस्तक वाचून झाल्यावर वाचक स्वतःकडे कोणत्या दृष्टीने पाहू लागतो, आपल्या अपयशाचे कारण तो कोठे शोधतो, आणि वाचताना त्याच्या सोबत कोण असते, हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार अहमदनगर जिल्ह्याच्या, म्हणजे २०२४ पासून ज्यास अधिकृतपणे अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्याच्या इतिहासाच्या आधारे करावयाचा आहे. महाराष्ट्रातील वाचनसंस्कृतीचे, मिशनरी शिक्षणाचे, वतनविरोधी लढ्याचे आणि बौद्ध विद्येचेही काही महत्त्वाचे दुवे याच जिल्ह्यात सापडतात. ते एकत्र ठेवून पाहिले म्हणजे आत्मोन्नती या कल्पनेचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा या दोन्ही गोष्टी स्पष्ट होतात.

प्रथम या ग्रंथप्रकाराच्या उगमाकडे वळू. सॅम्युएल स्माइल्स यांचा ‘सेल्फ-हेल्प’ हा ग्रंथ १८५९ साली प्रसिद्ध झाला, आणि पुढे या प्रकारच्या सर्व लेखनाला त्याच्या नावावरूनच ओळख मिळाली. या ग्रंथाचा जन्म मात्र एकांतात झालेला नाही. लीड्स या औद्योगिक शहरातील काही कष्टकरी तरुण रात्री एकत्र जमून एकमेकांना लिहिणे-वाचणे, अंकगणित, भूगोल शिकवीत. संख्या वाढल्यावर त्यांनी एक मोठी खोली भाड्याने घेतली. पूर्वी ती कॉलऱ्याच्या रुग्णांसाठी वापरली गेल्यामुळे दुसरे कोणी ती घेत नसे. या तरुणांपुढे १८४५ च्या सुमारास स्माइल्स यांनी जी व्याख्याने दिली, त्यांतून हा ग्रंथ सिद्ध झाला. पुढील आवृत्तीच्या प्रस्तावनेत स्माइल्स यांनी ग्रंथाच्या नावाविषयी खेद व्यक्त केला आहे. त्या नावामुळे हा स्वार्थाचा गौरव आहे असा काहींचा समज झाला, आणि तो समज ग्रंथाच्या आशयाच्या नेमका विरुद्ध आहे, असे त्यांचे म्हणणे होते. डेल कार्नेगी यांचे १९३६ सालचे सुप्रसिद्ध पुस्तकही न्यूयॉर्कमधील प्रौढांच्या वर्गांतून तयार झाले. हे वर्ग त्यांनी १९१२ मध्ये सुरू केले होते. नेपोलियन हिल यांचे श्रीमंतीचा मार्ग सांगणारे पुस्तक १९३७ चे. ही दोन्ही पुस्तके अमेरिकेतील महामंदीच्या काळातील होत, हे विसरता कामा नये. लक्षावधी माणसे स्वतःचा काहीही दोष नसताना बेकार झाली होती. त्या काळी माणसाने स्वतःत बदल केला की नशीब पालटते, हे सांगणारी पुस्तके अमाप खपली.

यावरून दोन गोष्टी दिसतात. एक, आत्मोन्नतीचे वाचन आरंभी परस्परांना शिकविणाऱ्या माणसांच्या मेळाव्यात जन्मले. दुसरी, पुस्तक छापून दूर गेले की तो मेळावा गळून पडतो आणि एकटा वाचक तेवढा उरतो. आपल्याकडे काय घडले, ते आता पाहू.

मराठीत छापील नीतिपुस्तकांचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाला. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी केलेले इसापच्या कथांचे मराठी रूप १८२८ साली प्रसिद्ध झाले. शाळकरी मुलांना प्राण्यांच्या गोष्टींतून व्यवहारज्ञान देणे हा त्याचा हेतू होता. या कथांपैकी काहींची भावंडे पालि जातकांत आहेत. सिंहाचे कातडे पांघरलेल्या गाढवाची गोष्ट ‘सीहचम्म जातका’त आहे, हे पालिच्या अभ्यासकांस विदित आहेच. परंतु जातकट्ठकथेची पालि संहिता फाउसबोल यांनी १८७७ ते १८९६ या काळात संपादित केली. त्यामुळे १८२८ चा मराठी विद्यार्थी आपल्याच भूमीत एकेकाळी नांदलेले शहाणपण ग्रीसमार्गे आणि इंग्रजीमार्गे शिकत होता, आणि ते त्याला ठाऊक नव्हते.

अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८३१ च्या अखेरीस सुरू झाले. नगरचे वाचनालय १८३८ साली स्थापन झाले. महाराष्ट्रातील अगदी जुन्या वाचनालयांत त्याची गणना होते. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये नगर येथेच निघाले. मिस सिंथिया फरार यांनी १८३९ नंतर नगर येथे मुलींच्या शाळांचे काम केले. त्यांची शाळा पाहून आपणांस प्रेरणा मिळाली, असे जोतीराव फुले यांनी स्वतःच सांगितले आहे. सावित्रीबाईंच्या अध्यापन-प्रशिक्षणाचा संबंधही नगरच्या याच शाळेशी जोडला जातो. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली, तिच्यामागे नगरचा हा दुवा आहे. एका गावच्या शाळेने दुसऱ्या गावच्या दोन माणसांस स्वतः शाळा काढण्याचे बळ दिले. आत्मोन्नतीचे खरे फळ कसे असते, याचे हे ठळक उदाहरण होय. शिकणारा तेथे थांबला नाही, तो शिकविणारा झाला.

तथापि त्या काळच्या नीतिपुस्तकांची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. उद्योग करावा, खरे बोलावे, दारू पिऊ नये, काटकसर करावी, स्वच्छ राहावे, ही शिकवण निःसंशय हिताची होती. परंतु ही शिकवण वाचकाला सर्व काही बदलण्यास सांगत असे, तो ज्या व्यवस्थेत जन्मला ती सोडून. गावकुसाबाहेरच्या माणसाला स्वच्छतेचा उपदेश मिळे. पाणवठा त्याला बंद का, हा प्रश्न मात्र पाठ्यपुस्तकात नसे. हा प्रश्न विचारला तो फुल्यांनी आणि पुढे सत्यशोधकांनी, आणि तो प्रश्न करणारे लेखन नीतिपुस्तकाच्या साच्यात बसणारे नव्हते.

एखादे पुस्तक माणसाला कसे घडविते, याची दोन उदाहरणे बौद्ध वाचकांस जवळची आहेत. धर्मानंद कोसंबी गोव्यातील एका खेड्यात राहत असताना ‘बालबोध’ या मुलांच्या मराठी मासिकात आलेले बुद्धचरित्र त्यांच्या वाचनात आले, आणि त्यातून त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. पुढे श्रीलंका, ब्रह्मदेश असा प्रवास करून ते पालि शिकले, आणि १९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पालि शिकविली. दुसरे उदाहरण बाबासाहेबांचे. शाळेत असताना झालेल्या सत्काराच्या प्रसंगी कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. ते वाचून आपण प्रभावित झालो, असे बाबासाहेबांनी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. या दोन्ही पुस्तकांत यशाचे सूत्र नव्हते. एका माणसाने दुःखाचे कारण कसे शोधले, याची ती हकीकत होती. दुसरी गोष्ट अशी की, बाबासाहेबांच्या हाती ते पुस्तक बाजारातून आले नाही. मुलाची वाचनाची गोडी ओळखणाऱ्या एका वडीलधाऱ्या माणसाने ते दिले. पालि वाङ्मयात अशा माणसास ‘कल्याणमित्त’ म्हणतात.

आता पुन्हा नगर जिल्ह्याकडे येऊ. डिसेंबर १९३९ मध्ये हरेगाव येथे वतनदार महार, मांग, वेठिया यांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. महार वतनाचा प्रश्न त्यांनी १९२८ सालीच मुंबई विधिमंडळात विधेयकाद्वारे मांडला होता. वतनाची कायदेशीर चौकट १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांविषयीच्या कायद्याची होती. वतनदाराने सरकारी काम करावयाचे, ते दिवसा वा रात्री केव्हाही, आणि तो हजर नसेल तर कुटुंबातील दुसऱ्याने त्याच्या जागी जावयाचे. मोबदला म्हणून पिढ्यापिढ्यांत वाटून तुकडे झालेली इनाम जमीन आणि गावाकडून मिळणारे बलुते. त्यातच या जमिनींवर सरकारी आकारणी वाढली, आणि हरेगावच्या परिषदेत त्याविरुद्ध आवाज उठला.

या परिस्थितीत आत्मोन्नतीच्या पुस्तकाची कसोटी लागते. पहाटे उठावे, वेळेचे नियोजन करावे, असा उपदेश ज्याला केव्हाही पाटील-तलाठ्याचे बोलावणे येऊ शकते त्याला काय उपयोगाचा? ज्याचा वेळ कायद्यानेच त्याच्या मालकीचा नाही, त्याने वेळेचे नियोजन कसे करावे? काटकसर करावी, तर ज्याची मिळकत गावच्या मर्जीवर अवलंबून आहे त्याने नेमकी कशात काटकसर करावी? हरेगावला जमलेल्या माणसांत उद्योगशीलता कमी होती म्हणून ती दरिद्री होती, असे कोणी म्हणेल काय? त्यांच्या दारिद्र्याचे कारण वतनात होते. ते कारण जावयाचे तर कायदा बदलावा लागणार होता, आणि कायदा बदलावयाचा तर संघटना लागणार होती. कनिष्ठ ग्राम वतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ साली झाला. विधिमंडळातील विधेयकापासून या कायद्यापर्यंत तीस वर्षे गेली.

याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यातील धामणगावी १९३५ साली जन्मलेल्या दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनास ‘बलुतं’ हेच नाव दिले. एका माणसाच्या घडण्याची कथा सांगताना त्यांना गावगाड्यातील एका आर्थिक व्यवहाराचे नाव द्यावेसे वाटले, यातच बरेच काही आले. यशाच्या पुस्तकांत नायक प्रतिकूलतेवर मात करतो आणि प्रतिकूलता मागे पडते. दलित आत्मकथनांत प्रतिकूलतेचे नाव, गाव आणि तिचे व्यवहार नोंदले जातात. म्हणून ही आत्मकथने वाचणारा तरुण स्वतःला अधिक नीट ओळखतो. माझ्या आजोबांत काही उणे होते म्हणून ते दरिद्री राहिले, हा समज त्याच्या मनातून जातो. आत्मोन्नतीच्या दृष्टीने हाही लाभ मोठा आहे.

हरेगावच्या परिषदेनंतर तीन वर्षांच्या आत याच जिल्ह्यात वाचनाचे आणखी एक विलक्षण पर्व घडले. ९ ऑगस्ट १९४२ रोजी अटक झालेल्या काँग्रेस नेत्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. बाबासाहेब त्या वेळी व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, आणि या नेत्यांशी त्यांचे राजकीय मतभेद तीव्र होते. तरीही बौद्ध विद्येच्या इतिहासकाराला या किल्ल्याची दखल घ्यावीच लागते, कारण आचार्य नरेंद्र देव यांनी येथील बंदिवासात वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’च्या हिंदी भाषांतराचे काम केले. मूळ संस्कृत संहिता त्या काळी उपलब्ध नसल्याने पूसँ यांच्या फ्रेंच अनुवादाचा त्यांनी आधार घेतला. त्यांचा ‘बौद्ध-धर्म-दर्शन’ हा ग्रंथ १९५६ साली प्रसिद्ध झाला. याच किल्ल्यात १९४४ मध्ये जवाहरलाल नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. प्रस्तावनेत त्यांनी सहबंद्यांचे ऋण मानून मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, नरेंद्र देव आणि असफ अली यांचा विशेष उल्लेख केला आहे. भिंतीआडच्या या माणसांना पुस्तके मिळत, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाचलेले बोलण्यासाठी जाणकार सोबती मिळत. हरेगावच्या वतनदारास यांतील एकही गोष्ट सहजी उपलब्ध नव्हती. एकाच जिल्ह्यातील या दोन घटना शेजारी ठेवल्या असता वाचनासाठी केवळ इच्छा पुरत नाही, तर अवकाश आणि सोबतही लागते, हे पटते.

आता पालि ग्रंथांकडे वळू. गृहस्थाच्या नित्य जीवनाविषयीचे शहाणपण पालि तिपिटकात विपुल आहे. अंगुत्तर निकायाच्या अट्ठक निपातातील दीघजाणु सुत्त हे त्याचे उत्तम उदाहरण. कोलियांच्या कक्करपत्त नामक गावी दीघजाणु हा गृहस्थ भगवंतांकडे येतो. आम्ही बायकामुलांत राहणारी, चंदन लावणारी, सोनेनाणे हाताळणारी माणसे आहोत, आमच्या इहलोकीच्या आणि पुढच्या हिताचे काही सांगा, अशी तो विनंती करतो. भगवान त्याची निर्भर्त्सना करीत नाहीत. ते त्याला इहलोकीच्या सुखासाठी चार गोष्टी सांगतात. उट्ठानसंपदा म्हणजे आपल्या व्यवसायात कौशल्य आणि उद्योग. आरक्खसंपदा म्हणजे न्यायाने मिळविलेल्या धनाचे रक्षण. कल्याणमित्तता म्हणजे सज्जनांची संगत. आणि समजीविता म्हणजे जमाखर्चाचा मेळ राखून जगणे. मिळकत थोडी आणि थाट मोठा ठेवणाऱ्यास तेथे उंबराची फळे खाणाऱ्याची उपमा दिली आहे. अट्ठकथेच्या स्पष्टीकरणानुसार तो झाड हलवून भाराभर फळे पाडतो आणि थोडी खाऊन बाकीची टाकून जातो. धनाला तलावाची उपमा दिली आहे. पाणी येण्याचे चार मार्ग आणि जाण्याचे चार मार्ग. जाण्याचे मार्ग म्हणजे स्त्रीलंपटता, दारू, जुगार आणि वाईट संगत. त्यानंतर पुढच्या हितासाठी सद्धा, सील, चाग आणि पञ्ञा या चार संपदा येतात.

आजच्या पुस्तकांत जे सांगितले जाते त्यातील बराच भाग या सुत्तात आहे, हे उघड आहे. परंतु पहिल्या चौकडीतच कल्याणमित्तता आहे, आणि दुसरीत चाग म्हणजे दानशीलता आहे. हे महत्त्वाचे आहे. येथे स्वतःची उन्नती इतरांच्या संगतीत सुरू होते आणि इतरांना देण्याकडे जाते.

दीघ निकायातील सिगालोवाद सुत्त आणखी पुढे जाते. राजगृहाचा सिगाल सहा दिशांना नमस्कार करीत असतो. भगवान त्याला दिशांचा नवा अर्थ सांगतात. आईवडील, गुरू, पत्नी, मित्र, सेवक आणि श्रमण-ब्राह्मण या त्या सहा दिशा. प्रत्येक नाते दोन्ही बाजूंनी बांधलेले आहे. मालकाने सेवकास त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, विशेष पदार्थ वाटून द्यावेत, आणि वेळेवर सुटी द्यावी, अशी पाच कर्तव्ये सांगितली आहेत. वतनाच्या व्यवस्थेला ही पाच मापे लावून पाहावी, म्हणजे ती व्यवस्था धम्माच्या दृष्टीने कोठे उभी होती ते कळते.

आणि राज्यव्यवस्थेचा दोष व्यक्तीच्या माथी मारणे भगवंतांना मान्य नव्हते, हे कूटदंत आणि चक्कवत्तिसीहनाद या दीघ निकायातील सुत्तांवरून दिसते. पहिल्यात राज्यात चोऱ्या वाढल्या असता दंड न वाढविता शेतकऱ्यास बी-बियाणे, व्यापाऱ्यास भांडवल आणि राजसेवकास वेतन द्यावे, असा सल्ला राजास मिळतो. दुसऱ्यात निर्धनांना धन न दिल्याने दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी आणि चोरीतून हिंसा वाढते, अशी कारणपरंपरा दाखविली आहे. उद्योगाचा उपदेश गृहस्थास आणि बी-बियाण्याचा उपदेश राजास, हे दोन्ही एकाच शास्त्याचे होत. त्यांपैकी एकच उचलून दुसरा सोडणे म्हणजे अर्धा धम्म सांगणे होय.

‘अत्तदीप’ या शब्दाचाही येथे विचार केला पाहिजे. महापरिनिब्बान सुत्तात भगवान भिक्खूंना स्वतःचाच आधार घेण्यास सांगतात. पालि ‘दीप’ शब्दाचे दिवा आणि द्वीप असे दोन अर्थ होतात, आणि अट्ठकथा द्वीप हा अर्थ घेते. पुरात सापडलेल्या माणसाला पाय टेकण्यास जागा, असा त्याचा भाव. परंतु त्याच ठिकाणी धम्मालाही द्वीप आणि शरण म्हटले आहे. स्वतःचा आधार आणि धम्माचा आधार ही जोडी तेथे फोडलेली नाही. तसेच संयुत्त निकायात आनंद जेव्हा कल्याणमित्रता हा अर्धा ब्रह्मचर्यमार्ग आहे असे म्हणतो, तेव्हा तो अर्धा नसून संपूर्ण आहे, अशी दुरुस्ती भगवान करतात. तेव्हा ‘अत्तदीप’चा अर्थ एकटेपणा असा करणे मूळ ग्रंथांस धरून नाही.

बाबासाहेबांनी हीच जोडी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात राखली. १९५७ साली त्यांच्या परिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात गृहस्थ, मुले, शिष्य, पतिपत्नी, मालक आणि नोकर यांच्यासाठीच्या विनयाचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि दुःखाच्या सामाजिक कारणांचाही विचार आहे. या ग्रंथाचे वाचन आपल्या समाजात कसे होते, हे सर्वांना माहीत आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात विहारात एक जण वाचतो आणि बाकीचे ऐकतात. ज्या आजीला अक्षरओळख नाही ती ऐकून नातवाला अर्थ विचारते, आणि नातवाला अर्थ सांगता यावा म्हणून पुन्हा वाचावे लागते. लीड्सच्या त्या खोलीत जे होते आणि छापील पुस्तकातून जे गळून पडले, ते आपल्या विहारांत अद्याप टिकून आहे.

म्हणून तरुणांना यशाची पुस्तके वाचू नका, असे सांगण्याचे कारण नाही. त्यांतील उद्योग, नियमितपणा, संयम यांचा उपदेश दीघजाणुला केलेल्या उपदेशाशी विसंगत नाही. मात्र असे प्रत्येक पुस्तक हाती घेताना तीन प्रश्न विचारावेत. हे पुस्तक माझ्या दुःखाची सर्व कारणे माझ्यातच शोधते, की बाहेरचीही पाहते? मला पुढे नेताना ते माझ्याबरोबरच्यांना सोबती मानते, की प्रतिस्पर्धी? आणि मी जे मिळवीन त्यातील वाटा कोणाला द्यावयाचा, याविषयी त्यात काही आहे काय? परीक्षेत एकदा-दोनदा अपयश आलेला मुलगा जेव्हा अभ्यासिकेच्या कोपऱ्यात बसून आपण कुचकामी आहोत असे मानू लागतो, तेव्हा या तीन प्रश्नांची त्याला फार गरज असते. जागा किती, उमेदवार किती, शिकवणीला पैसा कोणाकडे आहे, हे न सांगता केवळ त्याच्या इच्छाशक्तीला दोष देणारे पुस्तक त्याच्याशी प्रामाणिक नाही.

विहारांच्या व्यवस्थापकांनी आणि अभ्यासिका चालविणाऱ्या मंडळांनी एक साधी गोष्ट करावी. यशाच्या पुस्तकांशेजारी दीघजाणु आणि सिगालोवाद सुत्तांची मराठी भाषांतरे ठेवावी, ‘बलुतं’ ठेवावे, हरेगावसारख्या परिषदांचा इतिहास ठेवावा. आठवड्यातून एक दिवस मुलांनी एकत्र बसून त्यांतील चार पाने मोठ्याने वाचावी आणि बोलावे. नोकरी लागलेल्यांनी त्या दिवशी आवर्जून यावे. कोणाची परीक्षा हुकली, कोणाच्या घरी अडचण आहे, हे त्या बोलण्यातूनच कळेल, आणि मदतही तेथूनच उभी राहील.